वाटपात आलेली माणसे : नागपूर, १९५६

राज्य पुनर्रचनेचा इतिहास मराठीत पुष्कळ लिहिला गेला आहे. फाजल अली आयोग, नागपूर करार, द्वैभाषिक राज्य, संयुक्त महाराष्ट्राचा लढा, विदर्भाची मागणी हे विषय वाचकांच्या परिचयाचे आहेत. हा इतिहास बहुधा भूमीचा आणि भाषेचा असतो. कोणता जिल्हा कुठे गेला, राजधानीचा मान कोणी गमावला, याची नोंद त्यात काटेकोरपणे सापडते. त्या राजधानीत टिपणे लिहिणारी, फायली हलवणारी, टंकलेखन करणारी माणसे कुठे गेली, हे मात्र सहसा विचारले जात नाही. नागपूरच्या बाबतीत हा प्रश्न विचारणे आम्हांला अगत्याचे वाटते. एरवीच्या बदलीत माणूस हलतो आणि कचेरी जागच्या जागी राहते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी नागपुरातून कचेरीच उठून गेली आणि माणसांना तिच्यामागे, किंवा तिच्यापासून दूर, जावे लागले.

१८६१ साली मध्य प्रांत स्थापन झाला तेव्हापासून नागपूर हे राजधानीचे शहर. १९०३ नंतर वऱ्हाडचा कारभार याच प्रांताशी जोडला गेला. १९३६ साली येथे उच्च न्यायालय आले आणि १९४० साली त्याची आजही डौलाने उभी असलेली वास्तू खुली झाली. १९५० साली प्रांताचे नाव मध्य प्रदेश झाले आणि त्याच वर्षीच्या कायद्याने हिंदी व मराठी या दोन्ही भाषांना राजभाषा म्हणून मान्यता मिळाली. दोन भाषांत कारभार करणारे सचिवालय ही कागदावरची गोष्ट नव्हती. सागर, जबलपूर, रायपूरकडचा कर्मचारी आणि अमरावती, यवतमाळ, चांद्याकडचा कर्मचारी एकाच खात्यात शेजारी शेजारी बसत. एकाच साहेबाच्या शेऱ्याचा अर्थ लावत. सिव्हिल लाइन्सपासून धरमपेठेपर्यंतच्या वस्त्यांत त्यांची घरे होती. हिंदी भाषकाला मराठी समजणे आणि मराठी भाषकाला हिंदी बोलता येणे यात कोणाला विशेष वाटत नसे.

३० सप्टेंबर १९५५ रोजी आयोगाने अहवाल दिला. त्यात स्वतंत्र विदर्भ राज्याची शिफारस होती. म्हणजे नागपूर लहान राज्याची का होईना, राजधानी राहील असे दिसत होते. पुढच्या तेरा महिन्यांत चित्र पालटले. विदर्भाचे आठ जिल्हे द्वैभाषिक मुंबई राज्यात गेले, उरलेला हिंदी भाग मध्य भारत, विंध्य प्रदेश आणि भोपाळ या राज्यांशी जोडून नवा मध्य प्रदेश झाला, आणि त्याची राजधानी भोपाळ ठरली. उच्च न्यायालय जबलपूरला गेले. नागपूर उच्च न्यायालयाचे शेवटचे मुख्य न्यायमूर्ती एम. हिदायतुल्ला हे जबलपूरच्या न्यायालयाचे पहिले मुख्य न्यायमूर्ती झाले. त्यांचे महाविद्यालयीन शिक्षण याच शहरातल्या मॉरिस कॉलेजात झाले होते. मुख्यमंत्री रविशंकर शुक्ल भोपाळला गेले आणि नव्या राज्याच्या मुख्यमंत्रिपदी जेमतेम दोन महिने राहून ३१ डिसेंबर १९५६ रोजी निवर्तले. उपमंत्री वसंतराव नाईक मुंबईकडे आले आणि पुढे १९६३ ते १९७५ अशी दीर्घकाळ महाराष्ट्राची धुरा त्यांनी वाहिली. मोठ्यांच्या या हालचाली इतिहासात नोंदल्या गेल्या. त्याच वेळी त्याच मार्गांनी निघालेल्या सामान्य कर्मचाऱ्यांची नोंद शोधायची तर राज्य पुनर्रचना कायद्याच्या कलम ११५पाशी थांबावे लागते.

हे कलम आम्हांला फार बोलके वाटते. ज्या राज्याचे तुकडे होत होते त्यातला कर्मचारी मूळ राज्याच्या ‘प्रमुख उत्तराधिकारी’ राज्याच्या सेवेत तूर्त राहील, आणि दुसरीकडे जायचे असेल तर केंद्र सरकारचा तसा आदेश लागेल, अशी तरतूद त्यात होती. प्रमुख उत्तराधिकारी कोण? ज्याच्याकडे जुने नाव राहिले ते राज्य. ‘मध्य प्रदेश’ हे नाव भोपाळला गेले असल्यामुळे नागपुरात जन्मलेला, नागपुरातच नोकरी करणारा मराठी कारकूनही कायद्याच्या दृष्टीने आधी मध्य प्रदेशाचा होता. त्याला मुंबई राज्याच्या वाट्याला देण्यासाठी स्वतंत्र आदेश हवा होता, आणि तोही आधी तात्पुरता, मग अंतिम. या प्रक्रियेला सरकारी भाषेत ‘वाटप’ म्हणत. एकत्र कुटुंब फुटते तेव्हा भांडी, दागिने, शेत यांची वाटणी होते. येथे माणसेच वाटणीला निघाली होती.

साधारणतः महाकोशलाकडचे भोपाळला आणि विदर्भाकडचे मुंबईकडे, अशी विभागणी झाली. भोपाळ हे तोवर एका छोट्या संस्थानाचे शहर होते. चार राज्यांचे कर्मचारी एकदम सामावून घेण्याइतकी घरे तिथे नव्हती. जुन्या शहराच्या दक्षिणेला सरकारने नवी उपनगरी वस्ती उभी केली, तिला तात्या टोपेनगर असे नाव दिले. लोक तिला टी. टी. नगर म्हणतात. या परिसरातल्या मोहल्ल्यांची नावे पाहण्यासारखी आहेत. एकाचे नाव ‘बारा सौ पचास’, दुसऱ्याचे ‘चौहत्तर बंगले’. जेवढी घरे बांधली तो आकडाच वस्तीचे नाव झाला. जुन्या गावांना देवाचे, पुरुषाचे, झाडाचे, पेठ वसवणाऱ्याचे नाव असते. या वस्तीला असा पूर्वज नव्हता. नागपूर, ग्वाल्हेर, इंदूर, रीवा अशा निरनिराळ्या ठिकाणांहून माणसे आली आणि वेतनश्रेणीप्रमाणे घरांत शिरली. त्यात गंमत अशी की, शिंदे-होळकरांच्या मुलखातून आलेली मराठी कुटुंबे आणि नागपूरहून आलेली, मराठी उत्तम जाणणारी हिंदी कुटुंबे येथे एकमेकांची शेजारी होण्याचा संभव होता. भाषावार प्रांतरचनेने घडवलेल्या वस्तीतच भाषेची अशी सरमिसळ व्हावी, याची नोंद कोणत्याही अहवालात होणार नव्हती.

मुंबईकडे गेलेल्यांची अडचण निराळी होती. ते आपल्या भाषेच्या राज्यात आले होते, तरी कारभाराची भाषा त्यांना परकी होती. मध्य प्रांतात जिल्ह्याचा प्रमुख डेप्युटी कमिशनर, मुंबई इलाख्यात कलेक्टर. इकडे तहसील, तिकडे तालुका. इकडचा तहसीलदार म्हणजे तिकडचा मामलेदार, इकडचा पटवारी म्हणजे तिकडचा तलाठी. रोजच्या बोलण्यातले ‘करून राहिलो’, ‘येऊन राहिलो’ हे नागपुरी प्रयोग पुण्या-मुंबईच्या कानाला खटकत, आणि त्यावर होणारे हसू वरकरणी निरुपद्रवी असले तरी ऐकणाऱ्याला आपली जागा दाखवून देणारे असे. पदांच्या नावांतला फरक तर थेट पगाराशी आणि बढतीशी जोडलेला होता. कोणते पद कोणत्या पदाच्या बरोबरीचे, आणि एकत्र यादीत कोण वर, कोण खाली, हा वाद वर्षानुवर्षे चालला. सेवाशर्ती केंद्राच्या पूर्वसंमतीखेरीज प्रतिकूल करता येणार नाहीत, असे कायद्याने आश्वासन दिले होते. परंतु बढतीची संधी घटली म्हणजे सेवाशर्त बदलली असे होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने पुढे स्पष्ट केले. महाराष्ट्राच्या वाट्याला आलेल्या हैदराबादकडच्या तहसीलदारांच्या प्रकरणात १९७४ साली हेच सूत्र लागू झाले. पुनर्रचनेत आलेल्या विक्रीकर अधिकाऱ्यांच्या ज्येष्ठतेचा वाद तर १९८१ साली निकालात निघाला. १९५६ साली तिशीत असलेला माणूस तोवर निवृत्तीच्या उंबरठ्यावर आला होता किंवा तो ओलांडून गेला होता.

या साऱ्याला वाङ्मयीन बाजूही आहे. गजानन माधव मुक्तिबोध १९४८ साली नागपूरला आले, सरकारच्या माहिती खात्यात आणि नंतर आकाशवाणीत त्यांनी नोकरी केली, आणि १९५८ साली राजनांदगावच्या महाविद्यालयात अध्यापक म्हणून ते निघून गेले. त्यांचे धाकटे बंधू शरच्चंद्र मुक्तिबोध नागपुरात राहून मराठीत लिहीत राहिले. एक भाऊ हिंदीचा थोर कवी, दुसरा मराठीचा महत्त्वाचा कवी-कादंबरीकार, हे ज्या शहरात स्वाभाविक होते, ते शहर दोन भाषांच्या राजधानीचे होते. राजधानी गेली तेव्हा कचेऱ्यांबरोबर हे स्वाभाविकपणही ओसरले. नागपूरच्या तक्रारींच्या यादीत या हानीला स्थान नाही.

नागपूरला भरपाई म्हणून जे मिळाले ते सर्वश्रुत आहे. उच्च न्यायालयाच्या वास्तूत मुंबई उच्च न्यायालयाचे खंडपीठ बसू लागले. २८ सप्टेंबर १९५३च्या नागपूर करारातल्या वचनानुसार १९६० पासून येथे विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन भरू लागले. अपवादाची वर्षे सोडली, जसे की महासाथीमुळे २०२० आणि २०२१, तर दर हिवाळ्यात मुंबईहून फायली येतात, त्यांच्यामागे कर्मचारी येतात आणि सिव्हिल लाइन्समधल्या ‘१६० गाळ्यां’त त्यांची उतरण्याची सोय होते. येथेही वस्तीचे नाव आकडाच आहे. ज्या शहरातून १९५६ साली माणसे राजधानीसाठी घर सोडून गेली, त्या शहरात आता राजधानी पाहुणी म्हणून येते आणि काही दिवसांत परत जाते.

सरकारी वसाहतीतले घर पदाबरोबर मिळते आणि पदाबरोबर जाते. तीस वर्षे तेथे राहिलेल्या कुटुंबाचा शेजार, मुलांची शाळा, गणपतीची वर्गणी, हळदीकुंकू हे सारे खरे असते, मात्र त्याच्यावर हक्क सांगता येत नाही. मुंबईत वांद्रे पूर्वेच्या शासकीय वसाहतीत राज्याच्या सर्व भागांतून आलेल्या कर्मचाऱ्यांनी आयुष्ये काढली. तेथील कुटुंबांनी त्याच जागेवर मालकीची घरे मागितली. जुन्या इमारती पाडल्या जात आहेत आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये तेथील जमिनीवर मुंबई उच्च न्यायालयाच्या नव्या संकुलाची कोनशिला बसली. न्यायालयाची गरज खोटी नाही, आणि रहिवाशांची मागणीही केवळ लोभाची म्हणून झटकून टाकता येणार नाही. गाव सोडताना त्यांच्या पिढीला पगाराची हमी मिळाली होती. गावाची हमी कोणी दिली नव्हती, आणि ती मागायची असते हे तेव्हा कोणाला सुचलेही नव्हते.

विदर्भाच्या प्रश्नावर उद्या पुन्हा चर्चा होईल, आकडे मांडले जातील, अनुशेष मोजला जाईल. ते व्हायलाच हवे. राज्ये जोडताना आणि तोडताना जमिनीची मोजणी नेमकी होते. माणसांच्या वाटपाचा हिशेब मात्र सेवापुस्तकातल्या एका ओळीत संपतो. त्या पिढीतली माणसे आता फार थोडी उरली आहेत. त्यांची सेवापुस्तके, बदलीचे आदेश, नव्या वस्तीतून जुन्या शेजाऱ्यांना लिहिलेली पत्रे अजून काही घरांत असतील. ती गोळा करणे हे इतिहासाच्या अभ्यासकांइतकेच आम्हां भाषेच्या अध्यापकांचेही काम आहे, असे आम्हांला वाटते.