स्क्रीन रीडर (स्मार्टफोनवरील)

स्मार्टफोनच्या पडद्यावरील मजकूर, बटणे व चिन्हे बोलून दाखवणारी, दृष्टिहीन व अल्पदृष्टी व्यक्तींसाठीची प्रणाली. जुन्या फोनची उंचवट्याची बटणे चाचपून ओळखता येत. सपाट काचेवर ती सोय उरली नाही. ॲपलने २००९ मध्ये आयफोन ३जीएसमध्ये ‘व्हॉइसओव्हर’ अंतर्भूत करून ही अडचण दूर केली. अँड्रॉइडवर ‘टॉकबॅक’ हेच काम करते.

यात स्पर्शाचा अर्थ बदलतो. बोट ठेवल्यास त्या जागेवरील बटणाचे नाव ऐकू येते, पण ते दाबले जात नाही. त्यासाठी पडद्यावर कोठेही लागोपाठ दोनदा टिचकी मारावी लागते. बोट उजवीकडे सरकवल्यास पुढचा, डावीकडे सरकवल्यास मागचा घटक वाचला जातो. पडदा पूर्ण काळा ठेवूनही फोन वापरता येतो. त्यामुळे शेजारच्याला संदेश दिसत नाही. अल्पदृष्टी व्यक्ती अक्षरे मोठी करणे, रंग उलटे करणे या सोयी वापरतात.

ॲपमधील चित्ररूप बटणाला नाव दिलेले नसल्यास केवळ ‘बटण’ एवढेच ऐकू येते. ते कशाचे, हे कळत नाही. दृष्टिहीनांसाठी खास ॲपही आहेत. चलनी नोटा कॅमेऱ्याने ओळखून त्यांचे मूल्य सांगणारे ‘मनी’ हे ॲप रिझर्व्ह बँकेने २०२० मध्ये उपलब्ध केले.