क्रूझची सहल आणि विम्याची दुहेरी पांघरुणे

सागरी पर्यटन ही आता मराठी मध्यमवर्गाला अपूर्वाईची गोष्ट राहिलेली नाही. २००५ च्या सुमारास ‘सुपरस्टार लिब्रा’ने मुंबईहून सफरी सुरू केल्या, तेव्हा त्याचे मोठे कुतूहल होते. २०२१ पासून ‘कॉर्डेलिया’चे जहाज मुंबईहून गोवा-लक्षद्वीपकडे जाऊ लागले आणि सिंगापूरच्या सहलीत तर दोन-तीन रात्रींची क्रूझ जवळजवळ गृहीतच धरली जाते. प्रवासाबरोबर विमाही घेतला जातो. किंबहुना तो अनेकदा एकाहून अधिक ठिकाणी घेतला जातो, आणि गोंधळ तेथेच सुरू होतो.

समजा, ठाण्यातील एक निवृत्त दाम्पत्य सिंगापूरहून क्रूझवर निघाले आहे. घरची मेडिक्लेम पॉलिसी आहे. पर्यटन संस्थेने सहलीच्या शुल्कातच परदेश प्रवास विमा अंतर्भूत केला आहे. विमानाचे तिकीट काढताना आणखी एक छोटा विमा घेतला गेला आणि ज्या क्रेडिट कार्डाने पैसे भरले, त्यासोबतही विमा असल्याचे बँकेच्या माहितीपत्रकात छापलेले आहे. चार विमे आहेत म्हणजे काळजी नाही, असा त्यांचा समज. आता जहाजावर यजमानांच्या छातीत दुखू लागले, तर या चारांपैकी किती कामास येतील?

मेडिक्लेम बहुधा पहिल्याच फेरीत बाद होते. सर्वसाधारण पॉलिसी भारतातील उपचारांपुरती असते आणि तिला किमान २४ तास रुग्णालयात दाखल असणे लागते. शिवाय ‘रुग्णालय’ या शब्दाची व्याख्या ठरलेली आहे: नोंदणीकृत संस्था, अन्यथा दहा लाखांहून कमी वस्तीच्या गावात १० आणि इतरत्र १५ खाटा, चोवीस तास परिचारिका व डॉक्टर, शस्त्रक्रियागृह इत्यादी. जहाजावरचा दवाखाना या व्याख्येत सहसा बसत नाही. म्हणूनच मुंबई-गोवा क्रूझवरही, भारताच्या सागरी हद्दीत असूनही, जहाजाच्या डॉक्टरचे बिल मेडिक्लेममधून मिळेल अशी आशा बाळगू नये. परदेश प्रवास विमा तर अशा देशांतर्गत सफरीला लागूच होत नाही.

जहाजावरील वैद्यकीय सेवा मोफत नसते, हेही अनेकांना प्रथम बिल हाती आल्यावरच कळते. तपासणी, सलाईन, ईसीजी, औषधे यांची रक्कम केबिनच्या खात्यावर चढते आणि उतरताना ती आपल्या कार्डातून वसूल होते. कॅशलेस सोय तेथे क्वचितच असते. आधी पैसे भरायचे, मग मागणी करायची. याहून मोठा खर्च रुग्णाला जहाजावरून हलविण्याचा. हेलिकॉप्टर मागवावे लागले किंवा वाटेतल्या लहान बेटावरील बंदरात उतरवून पुढे विमानाने मोठ्या शहरात न्यावे लागले, तर उपचारांहून वाहतूकच महाग पडू शकते. हा खर्च मिळण्यासाठी विमा कंपनीच्या साहाय्य केंद्राची पूर्वसंमती बहुतेक पॉलिसींत आवश्यक असते. तो दूरध्वनी क्रमांक मोबाइलमध्ये नव्हे, कागदावर लिहून जवळ ठेवावा. समुद्रात मोबाइलला नेहमीचे सिग्नल नसतात आणि जहाजावरील उपग्रह-इंटरनेटचे पैसे वेगळे.

उरले तीन विमे. तिन्हींतून पूर्ण बिल वसूल करता येईल का? नाही. वैद्यकीय खर्चाचा विमा हा नुकसानभरपाईचा करार असतो. झालेल्या खर्चाहून अधिक रक्कम त्यातून मिळत नाही. गंमत अशी, की दुहेरी विम्याचे हे तत्त्व जहाजांच्याच विम्यातून पुढे आले. आपल्याकडील १९६३ च्या सागरी विमा कायद्यातही दुहेरी विमा आणि विमा कंपन्यांनी आपसांत वाटून घ्यायचा भार यांची तरतूद आहे. आरोग्यविम्यात मात्र ही वाटणी ग्राहकाच्या माथी मारता येत नाही. कोणत्या पॉलिसीतून मागणी करायची, हे ठरविण्याचा अधिकार विमाधारकाचा आहे. विमा नियामक प्राधिकरणाच्या मे २०२४ च्या परिपत्रकानुसार, रक्कम अपुरी पडल्यास उर्वरित भागासाठी दुसऱ्या कंपनीशी समन्वय साधण्याची जबाबदारीही पहिल्या कंपनीवर आहे. पहिल्या कंपनीने नाकारलेली रक्कम दुसऱ्या पॉलिसीच्या अटींत बसत असेल, तर ती तेथे मागता येते. मूळ बिले एकदाच मिळतात, म्हणून पहिल्या कंपनीकडे देण्यापूर्वी साक्षांकित प्रती काढाव्यात आणि निकालाचे पत्र जपून ठेवावे. एकच बिल दोन ठिकाणी पूर्ण दाखविणे हा मात्र गैरप्रकार ठरतो.

निश्चित रकमेच्या लाभांचे गणित वेगळे आहे. अपघाती मृत्यू, कायमचे अपंगत्व किंवा ठरावीक तास उशीर झाल्यास मिळणारी ठोक रक्कम प्रत्येक पॉलिसीतून स्वतंत्रपणे मिळू शकते. येथे दुहेरी पांघरूण खरोखर दुहेरी असते.

तथापि, कार्डाचा विमा किती भक्कम आहे, हे तपासल्याशिवाय मोजू नये. कित्येक कार्डांत तो केवळ विमान अपघातापुरता असतो, तिकीट त्याच कार्डावर काढलेले असावे लागते, काहींत तर अलीकडच्या काळात कार्ड वापरल्याचीही अट असते. पर्यटन संस्थेच्या सामूहिक पॉलिसीत मुख्य करार संस्थेच्या नावे असतो. प्रवाशाने आपल्या नावाचे प्रमाणपत्र व अटींची प्रत निघण्यापूर्वी मागून घ्यावी. ‘विमा आहे हो, काळजी करू नका’ हे व्यवस्थापकाचे आश्वासन म्हणजे पॉलिसी नव्हे.

खरी अडचण अशी, की हे विमे एकाच जागी एकमेकांवर चढतात आणि एकाच जागी उघडे राहतात. रक्तदाब-मधुमेह लपविला असेल किंवा आधीच्या आजारांना वगळले असेल, तर बहुधा तिन्ही कंपन्या एकाच कारणाने नकार देतील. चौथी पॉलिसी घेऊन ते छिद्र बुजत नाही. आधीच्या आजाराबाबत जीवघेण्या आणीबाणीत किती रक्कम मिळेल, एवढा एक प्रश्न ज्येष्ठांनी लेखी विचारावा.

क्रूझची म्हणून जी खास जोखीम आहे, तीही सामान्य पॉलिसीत पुष्कळदा नसते. विमान उशिरा पोहोचले आणि जहाज सुटले, तर स्वतंत्रपणे आलेल्या प्रवाशासाठी ते थांबत नाही. पुढचे बंदर गाठण्याचा खर्च आपला. हवामानामुळे कप्तानाने एखादे बंदर वगळले, तर तिकिटाच्या करारानुसार तो बहुधा त्याचा हक्कच असतो. फेब्रुवारी २०२० मध्ये योकोहामाला ‘डायमंड प्रिन्सेस’वर सातशेहून अधिक जणांना कोविडची लागण झाली आणि प्रवाशांना आपल्याच केबिनमध्ये कोंडून राहावे लागले. केबिनमधील सक्तीच्या विलगीकरणाचा लाभ काही पॉलिसींत असतो, काहींत नाही. जहाज कंपनीच दिवाळखोरीत गेली तर काय, हाही काल्पनिक प्रश्न नाही: ‘स्टार क्रूझेस’ची मूळ कंपनी जेन्टिंग हाँगकाँग हिने जानेवारी २०२२ मध्ये अवसायनाचा अर्ज केला होता.

अमेरिकेत मुलांकडे जाणाऱ्या आईवडिलांसाठी आणखी एक गोष्ट. सिएटलहून अलास्काला जाणारी परदेशी ध्वजाची जहाजे १८८६ च्या अमेरिकी कायद्यामुळे वाटेत कॅनडातील बंदराला, बहुधा व्हिक्टोरियाला, लागतात. मुलाने तेथे घेतलेला विमा फक्त अमेरिकेपुरता असेल, तर कॅनडात आणि खुल्या समुद्रात तो चालेलच असे नाही. अशा पॉलिसींना आपल्या प्राधिकरणाचे नियमही लागू नसतात. ‘आधी दुसरीकडून वसूल करा’ अशी अट त्यांत असू शकते. व्हिसा किंवा कागदपत्रांअभावी जहाजावर चढू दिले नाही, तर ते नुकसान सहसा कोणतीच पॉलिसी भरून देत नाही.

ठाण्याच्या दाम्पत्याने चारही कागद एकदा टेबलावर मांडून जहाजावरील उपचार, समुद्रातून स्थलांतर, आधीचे आजार आणि जहाज चुकणे हे चार शब्दप्रयोग त्यांत शोधावेत. जो कोठेच सापडणार नाही, तेवढ्याचाच विमा पाचव्यांदा घ्यावा.