पोग्ज, द

आयरिश लोकसंगीत व पंक रॉक यांचा मेळ घालणारा लंडनचा संगीतगट. स्थापना १९८२, किंग्ज क्रॉस परिसरात. आयरिश आईबापांच्या पोटी इंग्लंडमध्ये जन्मलेला शेन मॅकगोवन (१९५७–२०२३) हा त्याचा प्रमुख गायक आणि कवी. मूळचे शिवीवजा आयरिश नाव गटाने १९८४ मध्ये आखूड केले.

पंकचा वेग आणि आरडाओरडा त्यांनी कायम ठेवला. पण बँजो, अ‍ॅकॉर्डियन आणि टिन व्हिसल ही वाद्ये पुढे आणली. इंग्रज गायक एल्व्हिस कॉस्टेलोने निर्मिती केलेल्या १९८५ च्या ध्वनिमुद्रिकेनंतर गटाचा बोलबाला झाला. ‘फेअरीटेल ऑफ न्यू यॉर्क’ (१९८७) हे गायिका कर्स्टी मॅकॉलसोबतचे नाताळगीत सर्वाधिक गाजले. तरी गटाचा गिटारवादक फिलिप शेव्हरॉन याचे ‘थाउजंड्स आर सेलिंग’ (१९८८) त्याहून सखोल वाटते: त्यात अमेरिकेकडे निघालेल्या आयरिश स्थलांतरितांची पिढ्यान्‌पिढ्यांची व्यथा आहे. पोट भरण्यासाठी मुंबई गाठलेल्या माणसाची अशीच तगमग अण्णा भाऊ साठे यांनी ‘माझी मैना गावावर राहिली’ या छक्कडीत मांडली होती. दोन्हींकडे गावाकडच्या गाण्याचा बाज शहरातल्या कष्टकऱ्यांचा आवाज झाला.

दारूच्या व्यसनामुळे मॅकगोवनला १९९१ मध्ये गट सोडावा लागला. काही काळ ‘द क्लॅश’ या पंक गटाचा जो स्ट्रमर त्याच्या जागी गायला. १९९६ मध्ये गट फुटला, २००१ मध्ये पुन्हा जमला आणि २०१४ पर्यंत कार्यक्रम करत राहिला.

परंपरा आणि रॉक यांचा असा मेळ महाराष्ट्रातही आढळतो: ‘अभंग रिपोस्ट’ हा गट संतांचे अभंग गिटार व ड्रम्सच्या साथीने गातो. मात्र त्याची प्रकृती पंकची नाही.