कमीत कमी शंभर

२०१६ सालच्या ऑगस्ट महिन्यात अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात माँटेरे येथे एका जुन्या मोटारीचा लिलाव झाला. ती १ कोटी ३७ लाख ५० हजार डॉलरना विकली गेली. अमेरिकन मोटारीला लिलावात तोपर्यंत एवढी किंमत क्वचितच आली असेल. या मोटारीला ना सोन्याचा मुलामा होता, ना ती कोणा राजाची होती. १९६२ साली ती इंग्लंडहून लॉस एंजेलिसला आली तेव्हा तिच्यात इंजिनसुद्धा नव्हते. ते एका परिचिताच्या गॅरेजात काही तासांत बसविण्यात आले.

आम्ही मोटारींचे जाणकार नव्हे. आमची धाव धर्मग्रामातील घरभेटींसाठी लागणाऱ्या दुचाकीपुरती. परंतु ही बातमी वाचल्यावर मनात एक प्रश्न उभा राहिला. एवढा पैसा नेमका कशासाठी मोजला गेला? लोखंडासाठी, नावासाठी, की तशी दुसरी नाही म्हणून? या प्रश्नाचा माग घेता घेता आम्ही एका लहानशा कार्यशाळेच्या इतिहासापाशी येऊन पोहोचलो. त्या इतिहासाच्या केंद्रस्थानी एक साधा आकडा आहे : शंभर.

टेक्ससचा शेतकरी

कॅरोल शेल्बी यांचा जन्म ११ जानेवारी १९२३ रोजी टेक्सस राज्यातील लीझबर्ग या छोट्या गावी झाला. वडील टपाल वाटण्याचे काम करीत. लहानपणापासून मुलाचे हृदय कमजोर होते. दुसऱ्या महायुद्धात त्यांनी वैमानिकांना शिकविण्याचे काम केले. युद्धानंतर कुक्कुटपालनाचा व्यवसाय आरंभिला. पहिल्या खेपेस चांगला नफा झाला, परंतु दुसऱ्या खेपेस रोग आला, कोंबड्या मेल्या आणि धंदा बुडाला. १९५२ पासून ते मोटारशर्यतीत उतरले. एकदा शेतावरून थेट शर्यतीला आल्यामुळे पट्टेदार ओव्हरऑल तसाच अंगावर राहिला आणि पुढे तोच त्यांचा गणवेश ठरला.

१९५९ साली फ्रान्समधील ल माँ येथील २४ तासांची शर्यत त्यांनी रॉय साल्वाडोरी यांच्या साथीने अॅस्टन मार्टिन गाडीतून जिंकली. परंतु छातीतले दुखणे वाढत होते. जिभेखाली नायट्रोग्लिसरीनची गोळी ठेवून ते गाडी चालवीत. १९६० च्या अखेरीस त्यांनी चालकाचे आसन सोडले. वय सदतीस, भांडवल जवळजवळ नाही आणि शरीर साथ देत नाही, अशा अवस्थेत या माणसाने स्वतःची शर्यतीची मोटार बांधण्याचे ठरविले.

इंजिनाविना आलेली गाडी

इंग्लंडमध्ये थेम्स डिटन येथे एसी कार्स नावाचा जुना लहान कारखाना होता. त्यांची 'एस' ही गाडी हलकी आणि सुबक होती. नळ्यांची चासी आणि तिच्यावर हाताने ठोकून घडविलेली अॅल्युमिनियमची बॉडी, अशी तिची रचना. तिला ब्रिस्टल कंपनीचे सहा सिलिंडरचे इंजिन मिळत असे, ते आता बंद होत होते. इकडे अमेरिकेत फोर्ड कंपनीने पातळ भिंतींच्या ओतकामाचे, म्हणून वजनाने हलके असे आठ सिलिंडरचे नवे इंजिन तयार केले होते. शेवरोलेच्या कॉर्व्हेट गाडीला टक्कर देईल असे काहीतरी फोर्डला हवेच होते.

१९६१ च्या सप्टेंबरात शेल्बींनी एसी कंपनीला पत्र लिहिले. इंग्लंडला त्यांनी अमेरिकन इंजिनाचा भरवसा दिला आणि अमेरिकेला इंग्लिश गाडीचा. स्वतःच्या हाती दोन्ही नव्हते. १९६२ च्या आरंभी पहिली गाडी लॉस एंजेलिसला उतरली. सांता फे स्प्रिंग्ज येथे डीन मून यांच्या गॅरेजात तिच्यात ४.२ लिटरचे फोर्ड इंजिन बसले. तिचा क्रमांक सीएसएक्स २००० आणि नाव कोब्रा. हे नाव आपल्याला स्वप्नात दिसले, असे शेल्बी सांगत.

इथे एक गोष्ट नमूद करणे अगत्याचे आहे. नियतकालिकांचे प्रतिनिधी गाडी चालवून पाहण्यास येत, तेव्हा गाडी एकच असे. ती निरनिराळ्या भेटींच्या आधी निरनिराळ्या रंगांनी रंगविली जाई. बऱ्याच गाड्या तयार होत आहेत असा समज त्यातून पसरे. ही युक्ती आज कौतुकाने सांगितली जाते. आम्हांलाही तिचे हसू आले. तथापि ती लक्षात ठेवावी, कारण मोजणीचा प्रश्न पुढे पुन्हा येणार आहे.

व्हेनिस येथील हात

लॉस एंजेलिसजवळच्या व्हेनिस या वस्तीत लान्स रेव्हेंटलो नावाच्या धनिक तरुणाने 'स्कॅरॅब' ही शर्यतीची गाडी बांधण्यासाठी कार्यशाळा उभारली होती. त्याने तो नाद सोडला, तेव्हा शेल्बींनी जागा घेतली. जागेबरोबर फिल रेमिंग्टनही आले. घडाई, जोडणी, वेल्डिंग, यंत्रकाम, सर्वांत निष्णात असा हा मितभाषी कारागीर. शेल्बी बोलत, विकत आणि माणसे गोळा करीत. बोललेले प्रत्यक्षात उतरविण्याचे काम बऱ्याच अंशी रेमिंग्टन करीत.

इंग्लंडहून जन्मलेले केन माइल्स हे गाड्यांची चाचणी घेत आणि शर्यतीत त्या चालवीत. ऑक्टोबर १९६२ मध्ये रिव्हरसाइड येथील पहिल्याच शर्यतीत कोब्रा आघाडीवर असता मागील चाकाकडचा भाग तुटला. शक्ती दुपटीहून वाढविली, पण ती पेलणारे भाग जुन्या मापाचेच राहिले, असा त्याचा अर्थ. दोष कळला, भाग मजबूत झाला आणि जानेवारी १९६३ मध्ये त्याच रिव्हरसाइडला डेव्ह मॅक्डोनल्ड पहिले व केन माइल्स दुसरे आले.

शंभराचा नियम

आता शंभराच्या आकड्याकडे वळू. आंतरराष्ट्रीय मोटार महासंघाच्या जी.टी. वर्गात भाग घ्यायचा, तर निर्मात्याने त्या नमुन्याच्या किमान शंभर गाड्या बारा महिन्यांत बांधलेल्या असाव्यात, असा दंडक होता. त्यामागे विचार होता. धनवंताने एकच अद्भुत गाडी बनवून चषक उचलून नेऊ नये. जी गाडी शर्यतीत धावते, तीच सामान्य ग्राहकाला दुकानात विकत मिळावी. शंभर ही प्रामाणिकपणाची खालची मर्यादा होती.

त्या काळी इटलीच्या फेरारी कंपनीचे या वर्गावर वर्चस्व होते. तिची प्रसिद्ध '२५० जीटीओ' ही गाडी चाळीससुद्धा बनली नव्हती. ती जुन्या मान्यताप्राप्त गाडीची सुधारित आवृत्ती म्हणून स्वीकारली गेली. शेल्बींनीही त्याच फटीचा लाभ घेतला. उघड्या कोब्राला वेगात वारा अडवीत असे, म्हणून पीट ब्रॉक या तरुण आरेखकाने तिच्यावर बंद छताची, मागे तोडल्यासारखी दिसणारी नवी बॉडी योजिली. या 'डेटोना कूपे' फक्त सहा झाल्या. १९६४ साली ल माँ येथे डॅन गर्नी व बॉब बाँड्युरंट यांनी तिच्यातून आपला वर्ग जिंकला आणि एकंदरीत चौथा क्रमांक मिळविला. पुढील वर्षी ४ जुलै रोजी, म्हणजे अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनी, फ्रान्समधील रँस येथे दोन लिटरवरील जी.टी. गाड्यांचे जागतिक निर्मातेपद शेल्बींच्या कार्यशाळेकडे निश्चित झाले. तोवर हा मान कोणत्याही अमेरिकन निर्मात्याला मिळाला नव्हता.

शंभर पांढऱ्या गाड्या

या कार्यशाळेचे सर्वांत बोधप्रद काम मात्र आमच्या मते वेगळेच. १९६४ साली फोर्डने मस्टँग ही गाडी बाजारात आणली आणि ती भरमसाट खपली. पण शर्यतीची माणसे तिला गंभीरपणे घेत नसत. तिला शर्यतीयोग्य बनविण्याचे काम शेल्बींकडे आले. 'स्पोर्ट्स कार क्लब ऑफ अमेरिका' या संस्थेचाही शंभराचाच दंडक होता आणि गाडी दोन आसनांची असावी लागे.

फोर्डच्या सॅन होजे येथील कारखान्यातून पांढऱ्या मस्टँग व्हेनिसला आल्या. पुढचे काम हातांचे होते. पुढील चाकांच्या वरच्या बाहूंसाठी एक इंच खाली नवी भोके पाडून गाडी वळणावर स्थिर केली. अधिक चांगले शॉक अॅब्सॉर्बर घातले. मोठा कार्बुरेटर आणि नवे एक्झॉस्ट पाइप बसवून २७१ अश्वशक्तीचे इंजिन ३०६ वर नेले. बॉनेट फायबरग्लासचे केले. मागची बैठक काढून तिथे फळी बसविली आणि तिच्यावर स्टेपनी ठेवली. एवढ्याने चार आसनी गाडी नियमाप्रमाणे दोन आसनी झाली! १९६५ च्या आरंभी संस्थेचे निरीक्षक आले, तेव्हा शंभर गाड्या खरोखर रांगेत उभ्या होत्या. इथे रंगसफेदीची युक्ती चालणार नव्हती, आणि तिची गरजही पडली नाही.

नाव ठेवण्यावरून बराच खल झाला. अखेर शेल्बींनी रेमिंग्टन यांना विचारले, 'समोरची इमारत इथून किती दूर?' सुमारे साडेतीनशे फूट, असे उत्तर मिळाले आणि नाव ठरले जी.टी. ३५०, अशी हकिगत आहे. १४ फेब्रुवारी १९६५ रोजी टेक्ससमधील ग्रीन व्हॅली येथे केन माइल्स यांनी तिची पहिलीच शर्यत जिंकली. १९६५, १९६६ व १९६७ अशी सलग तीन वर्षे तिने आपल्या वर्गाचे राष्ट्रीय विजेतेपद राखले. साधी मस्टँग सुमारे २४०० डॉलरपासून मिळे, ही ४५४७ डॉलरना. स्वस्त नव्हे, पण नोकरदाराच्या आटोक्याबाहेरचीही नव्हे. पहिल्या वर्षी अशा ५६२ गाड्या झाल्या. त्यांपैकी केवळ शर्यतीसाठीच्या तीन डझन होत्या.

मोजणी अपुरी पडली

त्याच १९६५ साली दुसरी एक मोजणी झाली. फेरारीने आदल्या वर्षी '२५० एलएम' ही गाडी जी.टी. वर्गात आणू पाहिली होती. शंभर गाड्या झाल्या नाहीत म्हणून महासंघाने ती नाकारली. आता शेल्बींनी सात लिटरच्या प्रचंड इंजिनाची '४२७ कोब्रा' मांडली. निरीक्षक आले, तेव्हा शंभराच्या निम्म्याच्या आसपासच गाड्या भरल्या. मान्यता मिळाली नाही. जो न्याय फेरारीला, तोच शेल्बीला. उरलेल्या शर्यतीच्या गाड्यांना काचा वगैरे लावून त्या रस्त्यावरच्या गाड्या म्हणून विकण्यात आल्या. तेव्हा त्यांना गिऱ्हाईक मिळविताना प्रयास पडले. आज मोजणीत नापास झालेल्या त्याच गाड्यांसाठी संग्राहक लक्षावधी डॉलर मोजतात.

काम वाढले. १९६५ मध्ये कार्यशाळा विमानतळालगतच्या मोठ्या हँगरांत गेली. पुढील वर्षी हर्ट्झ या भाड्याने गाड्या देणाऱ्या कंपनीने सुमारे एक हजार जी.टी. ३५० घेतल्या. त्याच वर्षी ल माँ येथे फोर्डच्या गाड्या पहिल्या तीन क्रमांकांवर आल्या. माइल्स व डेनी हल्म यांची गाडी पुढे होती, परंतु छायाचित्रासाठी गाड्या एकत्र आणण्याचे ठरले. ब्रूस मॅक्लारेन व ख्रिस अॅमन यांची गाडी आरंभी थोडी मागे उभी होती, म्हणून तिने अधिक अंतर कापले असे धरून विजय त्यांना देण्यात आला. दोन महिन्यांनी, १७ ऑगस्ट १९६६ रोजी, रिव्हरसाइड येथे नव्या गाडीची चाचणी घेताना माइल्स मरण पावले. २०१९ साली त्यांच्यावर चित्रपट निघाला, तेव्हा जगाला हे नाव ठाऊक झाले. १९६८ पासून शेल्बी मस्टँग मिशिगन राज्यातील दुसऱ्या कंत्राटी कारखान्यात बनू लागल्या. त्या वर्षी चार हजारांवर गाड्या निघाल्या. नाव शेल्बींचे, हात इतरांचे.

आकड्याचा अर्थ उलटला

पुढे कोब्राची किंमत चढत गेली आणि मोहही वाढला. १९९० च्या दशकारंभी, साठच्या दशकातील शिल्लक चासी पूर्ण करून आपण खऱ्या कोब्रा विकीत आहोत, असे शेल्बींनी सांगितले. १९९३ साली 'लॉस एंजेलिस टाइम्स' या दैनिकाने शोध घेऊन त्या चासी अलीकडे बनविलेल्या असल्याचे प्रसिद्ध केले. मोठी नाचक्की झाली. त्यानंतर नव्या क्रमांकांनिशी, नव्या म्हणूनच, कोब्रा विकण्यात आल्या. ग्राहक तरीही आलेच. सत्य सांगून धंदा बुडाला नाही, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

आम्हांला या इतिहासात सर्वांत अर्थपूर्ण वाटले ते हे. १९६५ मध्ये नियम म्हणत होता : कमीत कमी शंभर. जे उत्तम आहे ते अनेकांपर्यंत पोहोचले पाहिजे, असा त्याचा आशय. आज 'मर्यादित आवृत्ती' म्हणून वस्तू विकल्या जातात, तेव्हा जाहिरात म्हणते : जास्तीत जास्त शंभर. माझ्याकडे आहे आणि शेजाऱ्याकडे नाही, यातच तिचे मोल. आकडा तोच, पण एक वाटून घेण्याचे माप आणि दुसरे वेगळे राहण्याचे. आपल्या घरातील लग्नसमारंभ, मोबाईल आणि गाड्या यांची निवड आपण कोणत्या मापाने करतो, हे ज्याने त्याने ताडून पाहावे.

शेल्बींना केवळ दोष देऊन थांबणे अन्यायाचे होईल. १९९० साली त्यांच्यावर हृदयरोपण झाले. एका मृत अनोळखी माणसाचे हृदय त्यांच्या छातीत चालू लागले. दुसऱ्याचे इंजिन घेऊन गाडी उभी करणाऱ्या माणसाचे आयुष्यही अखेर दुसऱ्याच्या हृदयावर उभे राहिले. त्याची जाण ठेवून १९९१ मध्ये त्यांनी अवयवरोपणाची गरज असलेल्या मुलांसाठी निधी स्थापिला. १९९६ साली त्यांच्या मुलाने त्यांना मूत्रपिंड दिले. १० मे २०१२ रोजी वयाच्या ८९ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. तोवर सीएसएक्स २००० त्यांच्याकडेच होती.

आणि फिल रेमिंग्टन? ते पुढे डॅन गर्नी यांच्या कार्यशाळेत गेले आणि नव्वदी गाठल्यावरही कामावर येत राहिले. २०१३ साली, शेल्बींनंतर वर्षभराच्या आत, तेही गेले. त्यांच्या नावाची मोटार निघाली नाही. परंतु लिलावात कोट्यवधी डॉलर मिळविणाऱ्या या कार्यशाळेच्या गाड्यांत इंचभर खाली नेमके पाडलेले भोक किंवा न तुटणारा जोड सापडतो, तेव्हा त्यात अशाच हातांचे काम असते. आपल्या गावाच्या नाक्यावरील गॅरेजात तेलकट हातांनी काम करणाऱ्या मुलाकडे पाहताना त्या हातांची आठवण ठेवावी.