टूमस्टोनचे दुय्यम वैभव

‘दुय्यम’ हा शब्द आपल्याला दफ्तरातून परिचित आहे. दुय्यम निबंधकासारख्या पदनामांमुळे त्याला ‘खालच्या पायरीचा’ असा अर्थ चिकटला. खनिजशास्त्रात मात्र तो केवळ क्रम सांगतो. भूगर्भातील उष्ण द्रावांतून आधी घडते ते प्राथमिक खनिज. पुढे हवा आणि पाणी लागून त्याचे विघटन झाल्यावर त्याच घटकांतून नव्याने बनते ते दुय्यम. अमेरिकेतील अ‍ॅरिझोना राज्यातल्या टूमस्टोन गावाचा इतिहास हा भेद ध्यानात घेतल्याशिवाय नीट उलगडत नाही.

१८७७ साली एड शीफलिन हा खनिजशोधक त्या वैराण टापूत हिंडत होता. अपाची लोकांशी लढाई चालू असलेल्या मुलखात तुला चांदी नव्हे, स्वतःच्या थडग्याचा दगड मिळेल, असे त्याला बजावण्यात आले होते. त्याला चांदी मिळाली आणि त्याने आपल्या दाव्याला त्या इशाऱ्याचीच आठवण म्हणून ‘टूमस्टोन’ हे नाव दिले. १८७९ मध्ये तेथे गाव वसले. २६ ऑक्टोबर १८८१ रोजी त्या गावात झालेली अर्ध्या मिनिटाची बंदुकीची चकमक चित्रपटांमुळे जगभर पोहोचली. परंतु गावाचे भवितव्य ठरवणारी गोष्ट त्याच वर्षी जमिनीखाली घडली होती. सुमारे पाचशे फूट खोलीवर खाणीत पाणी लागले.

त्या पाण्याच्या पातळीवरच्या भागात हवा व पावसाचे झिरपलेले पाणी यांनी दीर्घकाळ काम केले होते. मूळची गंधकयुक्त धातुके बदलून चांदीचे क्लोराइडसारखी नवी खनिजे तयार झाली होती. शिंगासारख्या रूपामुळे खाणकामगार या क्लोराइडला ‘हॉर्न सिल्व्हर’ म्हणत. टूमस्टोनला श्रीमंत करण्यात मोठा वाटा होता तो या दुय्यम धातुकाचा. पाणी उपसण्यासाठी प्रचंड पंप बसवले गेले. १८८६ मध्ये ग्रँड सेंट्रल खाणीचे पंपघर जळाले आणि १८९३ मध्ये चांदीचा भाव कोसळला. १९०१ साली उपशाचा प्रयत्न पुन्हा सुरू झाला, तोही पुढील दहा वर्षांत फसला. गाव उरले, भरभराट ओसरली.

चांदीच्या हिशेबात न आलेले एक मूलद्रव्य मात्र त्या शिरांमध्ये होते, ते म्हणजे टेल्युरियम. पृथ्वीच्या कवचात त्याचे प्रमाण अब्जात सुमारे एक भाग, म्हणजे सोन्याहूनही कमी आहे. प्राथमिक धातुकांत ते सोने, चांदी, शिसे यांच्याशी संयोग पावून राहते. अशा धातुकाचे ऑक्सिडीभवन होऊ लागले की आधी टेल्युराइट बनते. ही क्रिया आणखी पुढे गेली, तरच टेल्युरियमचा अणू सहा ऑक्सिजन अणूंच्या मध्ये जाऊन बसतो आणि टेल्युरेट तयार होते. त्यासाठी भरपूर ऑक्सिजन लागतो आणि तयार झालेले क्षार धुऊन जाऊ न देणारे कोरडे हवामानही हवे. शिवाय विरघळलेल्या टेल्युरेटला धरून ठेवायला शिसे, तांबे, जस्त यांसारखा धातू जवळ असावा लागतो. हे सारे एकाच जागी क्वचितच जुळून येते. टूमस्टोनला ते जुळले होते.

१९७८ मध्ये सिडनी विल्यम्स यांनी येथील तीन नव्या टेल्युरेट खनिजांचे वर्णन प्रसिद्ध केले. खिनाइट, पॅराखिनाइट आणि डुगनाइट ही ती तीन. खिनाइट हे शिसे व तांबे यांचे टेल्युरेट आहे. त्याचे स्फटिक अगदी बारीक व गर्द हिरवे असतात. ते सुरीच्या टोकाने ओरखडण्याइतके मऊ, पण शिशामुळे पाण्याच्या सहापटीहून जड असते. मूळचे ब्रह्मदेशातील शिलातज्ज्ञ बा सॉ खिन यांचे नाव त्याला दिले आहे. पुढे क्ष-किरणांच्या साहाय्याने अणुरचना तपासली गेली, तेव्हा खिनाइट व पॅराखिनाइट यांची घडण एकच असून अणुस्तर रचण्याची पद्धत तेवढी निराळी आहे असे आढळले. त्यानुसार २००९ मध्ये ही दोन्ही एकाच खनिजाची रूपे मानली गेली. आधीच्या नोंदीवर अधिक बारकाईने पाहणारा पुढचा माणूस दुरुस्ती करतो, ही शास्त्राची नित्याची रीत आहे.

१९८० साली टूमस्टोनच्याच आणखी एका टेल्युरेटला ‘शीफलिनाइट’ हे नाव मिळाले. शीफलिन १८९७ मध्ये ओरेगनमध्ये वारला. त्याच्या इच्छेनुसार त्याला टूमस्टोनजवळ पुरण्यात आले, आणि त्या जागी दगडी स्मारक उभे आहे. गंमत अशी की ज्या खनिजाला त्याचे नाव लाभले, त्याच्या घटकांत शिसे, टेल्युरियम, गंधक आहेत, चांदी नाही. बाजारात त्याला काही भाव नाही आणि खिनाइटलाही नाही.

तरीही त्या गावाची कथा पुरती सांगायची तर ही खनिजे वगळता येणार नाहीत. ज्या पाण्याने खाणी बुडवल्या, त्याच्याच पातळीच्या वर हवा आणि ओलाव्याने हळूहळू ही नवी सृष्टी घडवली होती. खाणमालकांच्या वह्यांत चांदीचे औंस आहेत, पंपांचा खर्च आहे. जमिनीखाली काय घडून गेले याची नोंद या हिरव्या कणांत आहे. जुन्या खाणींच्या तोंडाशी पडलेले टाकाऊ दगडांचे ढीग सपाट करण्यापूर्वी एखाद्या जाणकाराला दाखवावेत, एवढा शहाणपणा टूमस्टोनकडून घेण्यासारखा आहे.