बंब, गीझर आणि नाकाला न कळणारा वायू

आपल्या सोसायटीला पंचवीस वर्षं पूर्ण झाली. स्मरणिकेत गणेशोत्सवावर, बागेवर, पाण्याच्या टाकीवरून रंगलेल्या सभांवर लिहिणारे बरेच जण आहेत. मी विषय घेतलाय आंघोळीच्या गरम पाण्याचा. विषय किरकोळ वाटेल, पण आपली घरं कशी बदलली आणि त्याबरोबर धोका कसा बदलला, हे त्यातून चांगलं दिसतं.

आपल्यातल्या ज्येष्ठांना तांब्याचा बंब आठवत असेल. मधोमध उभी नळी, तिच्याभोवती पाणी, खाली जाळी. त्यात लाकडाच्या ढलप्या, गोवऱ्या, नारळाच्या करवंट्या घालायच्या. पुण्यात असे बंब घडवणाऱ्यांची तांबट आळी आजही आहे. गंमत म्हणजे आग लागली की धावतो तोही बंबच! हा शब्द पोर्तुगीज ‘बाँबा’ म्हणजे पंप यावरून आला असं मानतात. पाणी तापवणारा आणि आग विझवणारा, दोघांना एकच नाव.

बंब धूर करायचा, डोळे चुरचुरायचे. पण त्याची जागा परसात किंवा मोरीच्या दाराशी असायची. बाळंतिणीच्या खोलीत मात्र निखाऱ्यांची शेगडी खाटेखालीच ठेवत, ओवा-शेपांची धुरी देत. तेही काही निर्धोक नव्हतं. पण वर कौलं, दाराला फटी, त्यामुळे हवा येत-जात राहायची. सिमेंटचा स्लॅब आणि घट्ट बसणाऱ्या सरकत्या खिडक्या आल्या, तेव्हा ही आपोआप मिळणारी हवा गेली.

गीझर हा शब्द आइसलँडमधल्या गरम पाण्याच्या कारंज्यावरून आला. लंडनमधल्या बेंजामिन वॅडी मॉघन यांनी १८६८ साली गॅसवर चालणाऱ्या गीझरचं पेटंट घेतलं. पाणी चटकन तापायचं, पण जळालेला वायू बाहेर नेणारं धुराडंच त्याला नव्हतं. पुढे १८८९ साली अमेरिकेत एडविन रूड यांनी पाणी साठवणारा स्वयंचलित हीटर बनवला आणि घरोघरी गरम पाण्याची सोय वाढत गेली. मॉघनच्या यंत्रातली उणीव मात्र लक्षात ठेवायला हवी. आपली गोष्ट तिथेच येऊन थांबते.

आपल्या इमारतीत सुरुवातीला बहुतेकांकडे विजेचे गीझर होते, काहींकडे बादलीत सोडायचा रॉड. मग भारनियमनाचे दिवस आले. सकाळी नेमकी आंघोळीच्या वेळी वीज जायची आणि मुलांच्या शाळा तर साडेसातच्या. त्या काळात घरोघरी गॅस गीझर आले. छोटी पेटी, सिलिंडरला जोडली की झालं. नळी जवळ पडावी म्हणून बऱ्याच घरांत ती बाथरूममध्येच बसवली गेली. थंडी वाजते म्हणून झडपांच्या खिडकीवर प्लास्टिकही लागलं.

काही वर्षांपूर्वी डिसेंबरात बी विंगमध्ये काय झालं ते जुन्या रहिवाशांना ठाऊक आहे. सुट्टीला आलेली एक मुलगी आंघोळीला गेली. पाण्याचा आवाज चालू, हाकेला उत्तर नाही. शेजाऱ्यांनी दार तोडलं, तिला गॅलरीत उघड्यावर आणलं. दवाखान्यात डॉक्टरांचा पहिलाच प्रश्न होता, “बाथरूममध्ये गॅस गीझर आहे का?” ऑक्सिजन लावला, मुलगी वाचली. आणखी पाच-दहा मिनिटं गेली असती तर हा लेख मला लिहवला नसता.

त्या बाथरूममध्ये ना आग होती, ना धूर, ना वास. गॅस नीट जळायला भरपूर हवा लागते. बंद खोलीतला प्राणवायू कमी होत गेला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. तो रक्तातल्या हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. डोकं जड होतं, मळमळतं, पाय लुळे पडतात आणि कडीपर्यंत हात पोचत नाही. सिलिंडरच्या गॅसला मुद्दाम वास घातलेला असतो, पण तो गळती कळावी म्हणून. जळून तयार झालेल्या या वायूला वास नाही.

हे कोडं उलगडलं खाणींमध्ये. जॉन स्कॉट हॉल्डेन या शास्त्रज्ञाने १८९६ च्या सुमारास दाखवून दिलं की कोळशाच्या खाणीतल्या स्फोटानंतर बहुतेक मजूर भाजून नव्हे, तर या वायूने मरतात. त्याच्याच सल्ल्यावरून खाणीत कॅनरी पक्षी नेऊ लागले. पक्षी आधी कोसळायचा, माणसं मागे फिरायची. ब्रिटनमध्ये ही पद्धत १९८६ पर्यंत चालली. याच हॉल्डेनचा मुलगा जे. बी. एस. हॉल्डेन पुढे भारताचा नागरिक झाला आणि १९६४ साली भुवनेश्वरला वारला.

धुराचा अलार्मही असाच वाट चुकून सापडला. १९३० च्या दशकाच्या अखेरीस स्वित्झर्लंडमधले वॉल्टर येगर विषारी वायू ओळखणारं यंत्र करत होते. ते काही जमेना. वैतागून त्यांनी सिगारेट पेटवली आणि तिच्या धुराने यंत्राचा काटा हलला! १९६५ साली अमेरिकेत ड्वेन पीअरसॉल यांनी घरात लावता येईल असा बॅटरीवरचा अलार्म तयार केला आणि तिथे तो हळूहळू घरोघरी गेला.

इथे एक घोटाळा टाळायला हवा. धुराचा अलार्म कार्बन मोनॉक्साइड ओळखत नाही, त्याचा अलार्म वेगळा मिळतो. गॅसगळतीचा तिसराच. एलपीजी हवेपेक्षा जड, म्हणून तो अलार्म जमिनीलगत लावायचा. धूर वर जातो, म्हणून धुराचा छताला. तोही स्वयंपाकघरात नको, नाहीतर रोज फोडणीला ठणाणा करेल. झोपायच्या खोल्यांबाहेरचा पॅसेज त्याला बरा.

राज्याच्या २००६ च्या आग प्रतिबंधक कायद्यानुसार इमारतीची अग्निशमन यंत्रणा चालू असल्याचा दाखला दर जानेवारी आणि जुलैत द्यावा लागतो. कमिटी ते काम करते. पण पाईप आणि पंप जिन्यापर्यंत, बाथरूमच्या कडीच्या आत तपासायला कोण येणार? बी विंगच्या त्या प्रसंगानंतर सर्वसाधारण सभेत ठराव झाला आणि बहुतेक गॅस गीझर ड्राय बाल्कनीत गेले. तीन घरांत ते अजून आतच आहेत. नावं लिहीत नाही, पण आपण शेजारी आहोत म्हणून सांगतो: तेवढं काम या हिवाळ्याआधी कराच. ते होईपर्यंत पाणी आधी बादलीत भरून घ्या, गीझर बंद करा, झडपांवरचं प्लास्टिक काढा आणि मगच आंघोळीला दार लावा.

१४ एप्रिल हा अग्निशमन सेवा दिन. १९४४ साली याच दिवशी मुंबई गोदीतल्या स्फोटात ६६ जवान आग विझवताना गेले. दरवर्षी त्या दिवशी आपण घरोघरी गॅसची नळी, गीझरची जागा आणि अलार्मची बॅटरी तपासावी, अशी माझी सूचना आहे. सुवर्णमहोत्सवाच्या स्मरणिकेत आज शाळेत जाणारी आपली सगळी मुलं लिहिती असावीत, एवढंच मागणं.