दुरून पाहण्याचा इतिहास

नाथसागरावर हिवाळी पाहुणे पाहायला जाणाऱ्या आम्हा दोघा अध्यापकांना एक जुनी टेलिफोटो झूम लेन्स घ्यायची होती. नवी परवडणारी नव्हती. या खरेदीच्या निमित्ताने आम्ही आमच्याच जिल्ह्याच्या इतिहासात जाऊन पोहोचलो.

अजिंठ्याच्या चित्रांच्या तैलरंगी प्रतिकृती करण्यासाठी मेजर रॉबर्ट गिल १८४०च्या दशकात येथे आला. त्यांतील बहुतेक प्रतिकृती १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला लागलेल्या आगीत जळाल्या. दरम्यान त्याने कॅमेरा हाती घेतला होता. जेम्स फर्ग्युसनच्या विवेचनासह १८६४ साली त्याची छायाचित्रे पुस्तकरूपाने आली. त्यांतील एका पुस्तकाच्या नावात वास्तुकला आणि निसर्गेतिहास शेजारी शेजारी आहेत. लेणी स्थिर होती; प्राणी नव्हते. ओल्या काचेच्या तबकडीला बराच वेळ प्रकाश द्यावा लागे आणि दूरचे जवळ आणणारे भिंग अजून यायचे होते. शिकारी असलेल्या गिलच्या कॅमेऱ्यापुढे वन्य प्राणी आला, तो बहुधा प्राण गेल्यावरच.

१८९१च्या सुमारास इंग्लंडमध्ये डालमायर, तर जर्मनीत स्टाइनहाइल आणि मीटे यांनी स्वतंत्रपणे टेलिफोटो भिंग सिद्ध केले. स्थिरचित्रांच्या ३५ मिमी कॅमेऱ्यासाठी झूम लेन्स १९५९ साली बाजारात आली. त्याच वर्षी निकॉनने आणलेली लेन्स बसवण्याची खाच पुढे अनेक दशके टिकली. कॅननने मात्र १९८७ साली आपली खाच बदलली. जुनी लेन्स घेणाऱ्याने हा फरक आधी ध्यानात घ्यावा.

पहिल्या लेन्सच्या मागून टॉर्च धरला, तर आतल्या काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले. विक्रेता त्याला धूळ म्हणाला. ती दमट कपाटातली बुरशी होती. ती काचेवरचा लेप खाते. आम्ही परत फिरलो. दुसऱ्या लेन्समध्ये धूळ होती, पण झडपेच्या पात्या कोरड्या होत्या आणि चटकन मिटत होत्या. तीच ८०-२०० मिमीची लेन्स आम्ही घेतली. आमच्या कॅमेऱ्यात फोकसची मोटर नसल्याने कडे हातानेच फिरवावे लागते.

पैठणकडच्या काठावर पहिल्या दिवशी आम्ही रोहित पक्ष्यांच्या दिशेने चार पावले अधिक टाकली आणि सारा थवा उडाला. दुसऱ्या खेपेस जागच्या जागी बसून राहिलो. चित्रात पक्षी लहानच आले; पण ते खात होते, आणि आम्ही निघालो तेव्हाही तेथेच होते.